पाचवीच्या आत

“तीन-चार हजारांत एक! म्हणजे आमच्या तालुक्यात वर्षभरात जेवढी बाळंतपणं होतात, त्यात असं एखादं बाळ. एखाद्या वर्षी तेही नाही. आणि त्या एकासाठी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या हातापायाला मशीन लावा म्हणतेस?”

दादाचा हा प्रश्न माझ्या मुलीला होता. दादा बालरोगतज्ज्ञ. किनवट-माहूरच्या पट्ट्यात त्याने उभी हयात काढली. आता निवृत्त आहे, तरी लोक अजून बाळ दाखवायला दारात येतात. मुलगी मुंबईत लहान मुलांच्या हृदयरोगाची डॉक्टर. दिवाळीत दोघं एकाच घरात होती आणि बोलणं निघालं ते हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या जन्मजात दोषांवरून. मी डॉक्टर नाही. पण दोघांचं म्हणणं इतकं वेगळं आणि इतकं कळकळीचं होतं, की ते लिहून ठेवावंसं वाटलं. मध्ये मध्ये माझं मतही येईल, ते मी लपवणार नाही.

“मामा, एकेका दोषाचं नाव घेतलं तर तो दुर्मीळच आहे,” ती म्हणाली. “पण हृदयाचे सगळे जन्मजात दोष एकत्र धरले तर दर हजार बाळांमागे आठ-नऊ होतात. आपल्या देशात वर्षाला दोन लाखांहून जास्त बाळं. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच काही केलं नाही, तर ती हाती लागत नाहीत. यांना दुर्मीळ म्हणून बाजूला कसं ठेवायचं?”

“बाजूला ठेव म्हणत नाही मी. रांगेत कुठे उभं करायचं ते विचारतोय. माझ्याकडे काय येत होतं? दीड किलोचं, दिवस भरण्याआधी झालेलं, गार पडलेलं बाळ. नाळेला काहीबाही लावून जंतुसंसर्ग झालेलं बाळ. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं झोपवायची वेळ यायची. रात्रपाळीला एक सिस्टर. तिला मी सांगू, की ही बाळं ठेव आणि वॉर्डातल्या धडधाकट दिसणाऱ्या बाळांची सॅच्युरेशन मोजत फिर?”

“धडधाकट दिसणाऱ्या! मामा, सगळं तिथेच आहे. ही बाळं धडधाकटच दिसतात.”

इथे मी मध्ये पडले. म्हटलं, आधी मला समजेल असं सांगा, नेमकं काय उलटं असतं?

तिने कागद घेतला आणि चित्र काढायला लागली. हृदयातून दोन मोठ्या धमन्या निघतात. डाव्या कप्प्यातून महाधमनी, ती शुद्ध रक्त सगळ्या अंगाला नेते. उजव्या कप्प्यातून फुप्फुसधमनी, ती अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते. काही बाळांमध्ये गर्भातच या दोघींची अदलाबदल होते. महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते, फुप्फुसधमनी डाव्यातून. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७९७ मध्ये हे लिहून ठेवलं होतं. म्हणजे दोष काय आहे ते कळलं आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं डॉक्टरांना नुसतं बघत बसावं लागलं.

“असं समज,” दादा मला म्हणाला, “दोन विहिरी आहेत आणि दोन मोटारी. प्रत्येक मोटार आपल्याच विहिरीचं पाणी उपसते आणि परत त्याच विहिरीत सोडते. एकीचं पाणी गोड, दुसरीचं खारं. मोटारी चोवीस तास चालल्या तरी खाऱ्या विहिरीत गोड पाणी येणार नाही.”

“आणि दोन विहिरींमध्ये कुठेतरी पाझर असेल तोवरच पीक जगणार,” ती म्हणाली. “बाळ पोटात असतं तेव्हा असे दोन पाझर असतात. एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, आणि दुसरा दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी छोटी नळी. तिला आम्ही डक्ट म्हणतो. पोटात असताना प्राणवायू आईकडून वारेतून मिळतो, म्हणून बाळाचं काही बिघडत नाही. नऊ महिने व्यवस्थित वाढतं, तीन किलोचं होऊन जन्मतं, खणखणीत रडतं. सगळे पेढे वाटतात. मग दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्यात, ती नळी आपोआप बंद होते. निरोगी बाळात ती बंदच व्हायला हवी. पण या बाळाचा जीव तिच्यावरच टांगलेला असतो.”

उपचार मिळाले नाहीत तर काय होतं, याचे जुने आकडे तिने सांगितले. अशा मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पहिल्या आठवड्यातच जातात. निम्मी महिना पुरा करत नाहीत. वर्षअखेर दहातलं एक उरतं.

मला आपल्याकडची पाचवी आठवली. बाळाच्या जिवाला पाचव्या-सहाव्या रात्री धोका असतो म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा विझू द्यायचा नाही, कुणीतरी जागं राहायचं. सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. जन्मताना चांगलं असलेलं बाळ पाचव्या दिवशी अचानक काळंनिळं पडून जाताना बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असणार. त्यांतली कितीतरी धनुर्वाताने गेली असतील, जंतुसंसर्गाने गेली असतील. पण काही या नळीमुळेही गेली असतील, असं आता मला वाटतं.

“गेली असतील नाही, गेलीच,” दादा म्हणाला. “आणि आजही जातात. दाखल्यावर आपण लिहितो सेप्सिस, न्यूमोनिया, जन्मतः श्वास कोंडला. मी नाकारत नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. सापडलं, मग पुढे काय? किनवटहून कुठे पाठवू? नांदेडला लहान बाळाचं असं ऑपरेशन होत नाही. मुंबई बाराचौदा तासांवर. हैदराबाद त्यापेक्षा जवळ, पण तिथे आपलं योजनेचं कार्ड चालेल का, हे त्या बापाला कोण सांगणार? पुढचा रस्ता नसताना नुसतं नाव सांगणं म्हणजे त्या आईबापाच्या उरावर धोंडा ठेवणं. मी बघितलंय, बाप तिथल्या तिथे जमिनीचं गिऱ्हाईक शोधायला निघतो.”

हे ऐकून माझी मुलगी गप्प बसेल असं वाटलं होतं. ती बसली नाही.

“मामा, तुम्ही पहिली दोन पावलं विसरताय, आणि ती दोन्ही मुंबईची नाहीत. पहिलं पाऊल म्हणजे ओळखणं. ते प्रसूतिगृहात. दुसरं म्हणजे ती नळी उघडी ठेवणं. ते तुमच्या जिल्ह्याच्या एसएनसीयूत, नवजात बाळांच्या विशेष कक्षात. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन सत्तरच्या दशकापासून आहे. सलाईनमधून अगदी बारीक धारेने सोडलं की डक्ट उघडी राहते, बंद व्हायला आलेली पुन्हा उघडते. बाळाला दिवस मिळतात. तुम्हाला बारा तास हवेत? त्या औषधाने मिळतात.”

“आणि त्याच औषधाने बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबतं, ते सांग ना आईला.”

“थांबतं. म्हणून डोस कमीत कमी ठेवायचा, बरोबर अंबू बॅग आणि श्वासनलिकेत नळी घालता येणारा माणूस पाहिजे. पण ते सगळं एसएनसीयूतल्या लोकांना येतंच. नसते ती औषधाची बाटली. फ्रीजमध्ये ठेवायची असते, कधीतरीच लागते, तारीख उलटून जाते, म्हणून कुणी मागवत नाही. वर्षाला दोन बाटल्या फेकून द्याव्या लागल्या तरी चालेल, पण जिल्ह्यात ती असलीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.”

दादाने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. त्याला त्या एकट्या सिस्टरचीच काळजी होती. मग मुलीने तो मशीनचा मुद्दा नीट मांडला, आणि मला वाटतं वादाचं खरं मर्म तिथे आहे.

बाळ निळं आहे हे डोळ्यांना कळायला फार वेळ लागतो. रक्तातला प्राणवायू ऐंशीच्या घरात उतरला तरी सावळ्या कातडीवर काही दिसत नाही. ओठ काळसर दिसले तर घरचे म्हणतात, बापावर गेलाय. जीभ बघावी लागते, आणि वॉर्डातल्या पिवळ्या दिव्यात जिभेचा रंगही फसवतो. पल्स ऑक्सिमीटर डोळ्यांइतका फसत नाही. कोविडनंतर तो गावोगाव पोचलाय, पण बोटाला चिमट्यासारखा लावायचा तो मोठ्यांचा. बाळासाठी पट्टीसारखा मऊ प्रोब लागतो. तो तळव्याभोवती गुंडाळायचा, दिवा आणि त्याला टिपणारा डोळा बरोबर समोरासमोर आले पाहिजेत. बाळाचा पाय गार असेल तर आधी दुपट्यात गुंडाळून, हातात धरून गरम करायचा. बाळ रडत असेल तर आईच्या अंगावर घ्यायला सांगायचं. स्क्रीनवरची लाट एकसारखी चालायला लागली की मगच आकडा वाचायचा. या सगळ्याला लागतात तीन-चार मिनिटं.

“उजवा हात आणि कुठलाही एक पाय,” ती म्हणाली. “उजवाच हात, कारण त्या हाताची धमनी डक्टच्या आधीच फुटते. जन्मानंतर चोवीस तास झाले की मोजायचं. पंचाण्णव किंवा वर आलं आणि हातापायात तीनपेक्षा जास्त फरक नसला, तर बाळ पास. नव्वदच्या खाली आलं तर थांबायचं नाही. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा बघायचं. अमेरिकेने २०११ मध्ये हे नवजात बाळांच्या तपासण्यांच्या राष्ट्रीय यादीत घातलं. त्याआधी स्वीडनमध्ये आणि इंग्लंडमध्ये हजारो बाळांवर पारखून झालं होतं.”

“तिकडे रस्ता आहे. इथे खोट्या धोक्याच्या घंटा किती वाजतील? दर वेळी इकोला कुठे पाठवायचं?”

“मामा, चोवीस तासांनंतर मोजलं तर खोटी घंटा हजारात एकापेक्षाही कमी. आणि ती खोटी घंटा म्हणजे काय असतं माहितीये? त्यांतल्या पुष्कळ बाळांना हृदयाचं काही नसतं, पण छातीत जंतुसंसर्ग असतो, फुप्फुसात पाणी राहिलेलं असतं. म्हणजे तुमचीच बाळं. जी अजून आजारी दिसत नाहीत आणि रात्री दोन वाजता तुमच्या वॉर्मरवर येणार आहेत. माझ्या एका बाळासाठी लावलेलं मशीन तुमची चार बाळं बारा तास आधी पकडून देईल. त्या सिस्टरचं काम वाढेल म्हणता? कमी होईल.”

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मला वाटतं, हा मुद्दा त्याच्यापर्यंत पोचला. दुर्मीळ विरुद्ध नेहमीचं असं भांडण लावून आपण बसतो, आणि प्रसूतिगृहात बाळाच्या पायाला लावलेली पट्टी त्या दोघांत फरक करत नाही. माझं मन इथे मुलीकडे झुकलं, ते आजतागायत तिकडेच आहे.

पण दादाकडेही असं काही होतं, जे तिच्या मशीनकडे नव्हतं.

“तुझ्या पट्टीने सगळं सापडत नाही,” तो म्हणाला. “चारांतलं एक सुटतं, बरोबर? आणि सुटतं ते कुठलं, सांग.”

“कोआर्कटेशन,” ती लगेच म्हणाली. “जास्त करून तेच.”

“ऐक,” दादा माझ्याकडे वळला. “महाधमनी डोक्याकडे आणि हातांकडे फांद्या देऊन खाली वळते, तिथे ती काही बाळांत चिमटलेली असते. कधी तर मध्ये तुटलेलीच असते, वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. खालच्या अंगाला रक्त मिळतं ते डक्टमधून. डक्ट बंद झाली की पाय गार, लघवी बंद, बाळ राखेसारखं पांढुरकं. सहाव्या-सातव्या दिवशी येतं. दिसतं अगदी जंतुसंसर्गासारखं. प्रतिजैविकं चालू होतात आणि बाळ जातं. याला मशीन लागत नाही. दोन बोटं लागतात. जांघेत दोन्ही बाजूंना हलकेच बोटं ठेवायची आणि नाडी लागते का बघायची. घाई करायची नाही, जोरात दाबायचं नाही. दाबलं की आपल्याच बोटाची नाडी आपल्याला लागते. उजव्या दंडाची नाडी जोरात आणि जांघेची लागत नाही, की तिथेच शंका घ्यायची. माझ्या हाताखाली जो जो डॉक्टर आला, त्याला मी घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाची जांघ बघायला लावली. आता काय होईल? यंत्र आलं की बोट आळशी होणार. सॅच्युरेशन ९८ लिहिलं की सही ठोकून बाळ घरी.”

“हे मात्र मान्य,” ती म्हणाली. “बोट आणि पट्टी दोन्ही पाहिजेत. एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही.”

मी विचारलं, म्हणजे पहिल्या आठवड्यात हे दोन्ही केलं की झालं?

दोघंही एकदम ‘नाही’ म्हणाले. संध्याकाळभरात दोघं एका सुरात बोलले ते इथे पहिल्यांदाच. मुलीने दोन उदाहरणं दिली. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी डावी धमनी महाधमनीतून निघण्याऐवजी फुप्फुसधमनीतून निघते, असा एक दोष आहे. तो सुमारे तीन लाखांत एकाला असतो. बोस्टनच्या तीन डॉक्टरांनी १९३३ मध्ये त्याचं वर्णन केलं. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसातला दाब जास्त असतो, म्हणून निभतं. मग दाब उतरतो आणि हृदयाचंच रक्त उलटं वाहून जायला लागतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ दूध ओढता ओढता थांबतं, कळवळून रडतं, कपाळावर घाम येतो. घरात म्हणतात पोटात वात धरलाय, ग्राईप वॉटर पाजतात. प्रत्यक्षात त्या बाळाला हृदयविकाराचा झटका येत असतो. दुसरं उदाहरण महाधमनीच्या जोड-कमानीचं. दोन कमानींचं कडं श्वासनलिका आणि अन्ननलिकेभोवती आवळलेलं असतं. पोर घुर्र घुर्र श्वास घेतं, बाळदमा म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेतं, आणि भाकरीचा घास सुरू झाला की अडकायला लागतो. बोस्टनमध्येच रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ मध्ये असं कडं पहिल्यांदा कापून मोकळं केलं. “दूध पिताना घाम आणि घशात न जाणारा घास, आईने एवढं सांगितलं तरी डॉक्टरने थांबून ऐकलं पाहिजे,” दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात आई हा शब्द फार वेळा येतो. तपासणीआधी आईचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या पिढीचा तो डॉक्टर आहे.

मग बोलणं परत अदलाबदल झालेल्या धमन्यांवर आलं. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, हे मी मुलीला आधी कधी विचारलं नव्हतं.

१९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी एक युक्ती काढली. शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची, तिच्या टोकाचा फुगा वरच्या दोन कप्प्यांच्या पडद्यापलीकडे नेऊन फुगवायचा आणि झटक्यात मागे ओढायचा. पडदा फाटतो, रक्त मिसळायला वाट होते. आजही हे करतात, इकोवर बघत, बाळाच्या पेटीशेजारीच. पण ती तात्पुरती सोय. खरं उत्तर म्हणजे धमन्या जागच्या जागी बसवणं. अडचण होती ती महाधमनीच्या बुडाशी फुटणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांची. महाधमनी हलवली तर त्याही हलवल्या पाहिजेत, नाहीतर हृदय उपाशी मरेल. नवजात बाळात त्या एक-दोन मिलिमीटर जाड असतात. पन्नासच्या दशकातले प्रयत्न इथेच फसले होते. १९७५ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या अदिब जातेने यांना ते जमलं.

“बाळाचं हृदय त्याच्या मुठीएवढं,” ती सांगत होती. “रक्त यंत्रावर वळवून हृदय थांबवतात. दोन्ही मोठ्या धमन्या आडव्या कापतात. कोरोनरीच्या तोंडाभोवतालचा गोल तुकडा ठेवून ती सुटी करतात आणि नव्या जागी शिवतात. दोरा केसाहून बारीक. जरा पीळ बसला, जरा ताण आला, की यंत्र काढल्यावर हृदय पांढरं पडतं. नीट बसली की गुलाबी होतं. चांगल्या केंद्रात आज शंभरातली पंचाण्णवहून जास्त मुलं वाचतात. पण वेळेत आली तर. फुप्फुसांकडे रक्त ढकलायला जोर लागत नाही, म्हणून डावा कप्पा आठवड्यागणिक दुबळा होत जातो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं तर तो सगळ्या अंगाचा भार घेऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनी आलेल्या बाळाला आधी त्या कप्प्याला ताकद यावी म्हणून वेगळं ऑपरेशन करावं लागतं, किंवा नंतर कित्येक दिवस यंत्राच्या आधारावर ठेवावं लागतं. मामा, आम्हाला हात सफाईदार करून आता फार काही मिळवायचं उरलेलं नाही. आता जे मिळवायचं ते पहिल्या आठवड्यातच आहे.”

“जातेनेंचं नाव घेतलंस ते बरं झालं,” दादा म्हणाला. “पुढचं मी सांगतो. हा माणूस नंतर ब्राझीलचा आरोग्यमंत्री झाला, दोनदा. नव्वदच्या दशकात. सरकारी आरोग्याला पैसा नाही म्हणून बँकेतल्या व्यवहारांवर छोटा कर बसवा आणि तो आरोग्याला द्या, यासाठी स्वतः खासदारांचे उंबरे झिजवले. कर मंजूर करून घेतला. मग एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतायत असं दिसल्यावर १९९६ मध्ये मंत्रिपद सोडलं. ज्याने जगात पहिल्यांदा ही धमनी बदलून बाळ वाचवलं, त्याला कळलं होतं की ऑपरेशन थिएटरमध्ये एक वाचतं आणि तिजोरीशी भांडल्यावर हजार. माझं म्हणणं यापेक्षा वेगळं नाही.”

मला हे माहीत नव्हतं. मुलीलाही नव्हतं, तिने कबूल केलं. पण ती म्हणाली, “तो दोन्ही करत होता ना, मामा? त्याने ऑपरेशन थिएटर सोडून देऊन मंत्रालय धरलं असं तर नाही. केरळ बघा. २०१७ पासून तिथे ‘हृद्यम’ चालू आहे. बाळ सापडलं की तिथल्या तिथे संगणकावर नोंद होते, हृदयाचा डॉक्टर रिपोर्ट बघतो, किती घाई आहे ते ठरवतो, कुठल्या दवाखान्यात जागा आहे ते कळतं, आणि खर्च सरकार करतं. आपल्याकडे काय कमी आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरहून. हृदयाचे जन्मजात दोष त्याच्या यादीत आहेत. मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आहे, १०८ची रुग्णवाहिका आहे, खारघरला पूर्ण मोफत ऑपरेशन करणारा दवाखाना आहे. सुटे मणी आहेत, ओवलेले नाहीत.”

“बाल स्वास्थ्यची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत जाते. तुझं बाळ अंगणवाडीपर्यंत पोचतच नाही. १०८ मध्ये नवजात बाळाला ऊब देणारी पेटी प्रत्येक गाडीत असते का? रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही, बाळाचं अजून नावच ठेवलेलं नाही. मंजुरी येईपर्यंत शनिवार-रविवार येतो. पोरी, तुझी डक्ट शनिवार-रविवार बघून बंद होते का?”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. योजना आहे आणि बाळ वाचलं, या दोन वाक्यांच्या मध्ये एक फोन उचलणारा माणूस लागतो. रात्री अकराला किनवटहून फोन आला तर ‘औषध चालू करा, इतक्या धारेने, आणि अमुक ठिकाणी निघा, तिथे पेटी रिकामी आहे’ एवढं सांगणारा एक. राज्यात असा एक क्रमांक प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर असायला काय हरकत आहे?

मी एक वेगळाच प्रश्न विचारला. मुलगी असली तर?

दोघंही क्षणभर थांबले. मोठ्या धमन्यांची ही अदलाबदल मुलग्यांमध्ये जास्त दिसते, दुपटीहून थोडी अधिक. पण जेव्हा ती मुलीत असते, किंवा दुसरा कुठला दोष मुलीत असतो, तेव्हा ऑपरेशनची तारीख घेऊन घरचे परत येत नाहीत, असं मुंबईत वारंवार दिसतं. दिल्लीत झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं, की ऑपरेशन सांगितलेल्या मुलींमध्ये ते प्रत्यक्षात होण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा बरंच कमी. पैशाची सोय झाली तरी प्रश्न येतो, छातीवर व्रण राहील, लग्न कसं होईल, मूल होईल का. “होतं,” माझी मुलगी म्हणाली. “धमन्या लहानपणीच जागेवर बसवलेल्या बहुतेक मुली मोठ्या होऊन बाळंत होऊ शकतात. वर्षातून एकदा इको करावा लागतो, कारण महाधमनीचं बूड पुढे फुगू शकतं, झडप गळू शकते, कोरोनरी अरुंद होऊ शकते. पण ती शाळेत जाते, पळते, नोकरी करते.”

आणि इथून वाद त्या वळणावर गेला, जिथे तो अजून मिटलेला नाही.

मुलीचं म्हणणं, हे सगळं जन्माआधीच सापडायला हवं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे बघून ‘सर्व ठीक’ लिहितात. पण धमन्यांची अदलाबदल असलेल्या बाळाचे चारही कप्पे अगदी सुरेख दिसतात. त्यापुढे जाऊन दोन्ही धमन्या कुठून निघतात, एकमेकींना ओलांडतात की समांतर धावतात, हे बघावं लागतं. मशीन तेच, प्रोब थोडा वर सरकवायचा. आधी कळलं तर आईला नववा लागताच मोठ्या दवाखान्याजवळ आणता येतं. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं, की आधी कळलेली बाळं ऑपरेशनपर्यंत सुखरूप पोचतात, नंतर कळलेल्यांतली काही वाटेतच जातात. “आईच्या पोटाइतकी चांगली रुग्णवाहिका नाही, मामा.”

दादा या ठिकाणी पहिल्यांदा चिडला. “आणि पाचव्या महिन्यात तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये त्या बाईला काय सांगतात माहितीये? ‘बाळाच्या हृदयात मोठा दोष आहे.’ एवढंच. सासू बाहेर उभी. कायदा चोवीस आठवड्यांपर्यंत वाट देतो, पुढेही मंडळ बसतं. घरी जाईपर्यंत निर्णय झालेला असतो, दुसरं बघू. शंभरात पंचाण्णव बरी होणारी बाळं म्हणतेस ना? त्यांना तुझ्या पट्टीपर्यंत, माझ्या बोटांपर्यंत येऊच देणार नाहीत. तू म्हणतेस ते आज या अवस्थेत सगळीकडे सुरू केलंस, तर वाचण्यापेक्षा जाणारी जास्त होतील.”

“निर्णय आईचा आहे. तो घेण्याचा तिला हक्क आहे.”

“आईचा आहे म्हणूनच म्हणतोय. अर्धं सांगितल्यावर तो तिचा उरत नाही, भीतीचा होतो.”

“म्हणून तपासायचंच नाही? न सांगणं हासुद्धा तिच्या वतीने घेतलेला निर्णयच आहे, मामा. तो तुम्ही घेता.”

मी कुणाच्या बाजूची, हे मला ठरवता आलं नाही. कळण्याचा हक्क मला पटतो. पण दोष सांगणारा आणि उपाय सांगणारा यांच्यात सातशे किलोमीटर असले तर त्या हक्काचं काय होतं, हे दादाने डोळ्यांनी पाहिलंय आणि आम्ही दोघींनी नाही.

“माझ्याकडे जी आई येते,” मुलगी जरा वेळाने म्हणाली, “तिला मी ऑपरेशन झालेल्या मुलांच्या आईवडिलांशी भेटवते. पोरगं समोर पळत असतं. मग ती ठरवते. काही जणी तरीही नको म्हणतात. पण ऐकून, बघून म्हणतात.”

“ती तुझ्याकडे येते. जी तालुक्यातूनच परत जाते, ती?”

“तिचा नंबर माझ्याकडे येत नाही.”

“तो सोनोग्राफीवाला डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. वाईट माणूस नाही. दिवसाला चाळीस पोटं तपासतो, पुढे काय सांगायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. दिवाळी संपली की त्याला फोन कर. म्हणावं, असं काही दिसलं तर बाईला घरी पाठवण्याआधी, ती खोलीत असतानाच मला व्हिडिओ कॉल लाव.”

“कधीही लावला तर उचलायचा?”

“मग नळी बंद व्हायची वेळ काय तू ठरवणार आहेस?”

तिने नंबर लिहून घेतला. शेजारच्या तालुक्यातल्या दोन डॉक्टरांचेही घेतले.